जोडणी कोठे तुटली, हे यंत्रासच विचारावे



ठाणे असो की कल्याण-डोंबिवली, एखाद्या शाळेच्या कार्यालयात अथवा नागरी सुविधा केंद्रात इंटरनेटची जोडणी थांबली म्हणजे पहिला शब्द ऐकू येतो तो ‘बंद’ हा होय. ‘नेट बंद आहे,’ एवढेच वाक्य दूरध्वनीवरून केबलचालकास सांगितले जाते. शब्द खरा असतो, परंतु अपुरा असतो. केबलचालक उत्तरतो, ‘आमची लाइन चालू आहे, संगणक तपासा.’ संगणकाची देखभाल करणारा म्हणतो, ‘संगणक ठीक आहे, राउटर पाहा.’ राउटर बसविणारा मोडेमकडे बोट दाखवितो आणि मोडेम पुन्हा केबलचालकाचा असतो. या फेऱ्यात दोन-तीन दिवस निघून जातात. तेवढ्या अवधीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रिक्षाभाडे खर्चून आलेली वृद्धा हात हलवीत परत जाते आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपून जाते. त्या मुलाला बिघाड कोणाच्या हद्दीत होता याच्याशी कर्तव्य नसते. त्याचे वर्ष मात्र त्यात अडकलेले असते.

हा फेरा तोडण्याचे एक साधन प्रत्येक कार्यालयात आधीपासूनच असते. पण त्याचा उपयोग क्वचितच केला जातो. राउटर आणि मोडेम ही यंत्रे आपापल्या स्थितीची नोंद अहोरात्र ठेवीत असतात. ती नोंद वाचण्यासाठी अभियंत्याची पदवी लागत नाही. चार-पाच आज्ञा आणि त्यांच्या उत्तरांचा अर्थ एवढे ज्ञान पुरेसे असते. शाळेतील शिक्षकास अथवा कार्यालयातील लिपिकास ते एका दुपारी शिकता येते.

एकमार्गी जाळ्यावर दुमार्गी काम

मोडेमची स्थिती का बिघडते हे कळण्यासाठी केबलच्या जाळ्याचा पूर्वेतिहास ध्यानी घ्यावा लागतो. आपल्याकडे केबल आली ती चित्रवाणीसाठी. गच्चीवरील तबकडीने कार्यक्रम घ्यावयाचे आणि समाक्ष तारेने, म्हणजेच कोॲक्सियल केबलने, ते घरोघर पोहोचवावयाचे, असा हा व्यवसाय होता. १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायद्याने त्यास कायद्याची चौकट मिळाली. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमाने सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. ती मात्र दूरध्वनीच्या तारेवरून मिळत असे. केबलच्या तारेवरून माहितीची देवाणघेवाण करण्याचे ‘डॉक्सिस’ हे मानक अमेरिकेत मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती होऊन चित्रवाणीचे प्रक्षेपण अंकीय करण्याचा कार्यक्रम देशभर हाती घेण्यात आला. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरे होती आणि त्यांत ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन्हींचा समावेश होता. ३१ मार्च २०१३ ही त्यासाठी मुदत होती.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रक्षेपण अंकीय झाले म्हणून तार दुमार्गी होत नाही. चित्रवाणीसाठी संकेत केंद्राकडून घराकडे आला की काम भागते. इंटरनेटसाठी घराकडून केंद्राकडेही संकेत जावा लागतो. डॉक्सिसच्या मूळ मानकात ही परतीची वाट ५ ते ४२ मेगाहर्ट्झ या खालच्या पट्ट्यात ठेवलेली आहे. हा पट्टा गोंगाटाचा आहे. विजेच्या यंत्रांची खरखर, सैल जोडांतून शिरणारे परके संकेत, हे सर्व येथेच गोळा होते. शिवाय एका तारेवरील साऱ्या घरांची परतवाट एकाच ठिकाणी मिळत असल्याने एका घरातील सैल जोडाची खरखर संपूर्ण वस्तीस भोवते. चित्रवाणी स्वच्छ दिसते आणि इंटरनेट मात्र चालत नाही, असा जो अनुभव येतो, त्याचे कारण बहुधा या परतवाटेत असते. ‘टीव्ही दिसतो, अर्थी लाइन ठीक आहे,’ हे अनुमान यास्तव अर्धेच खरे होय.

प्रत्येक खूण आपल्याच पट्ट्यापुरती

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे येथील शाळकरी मुलासही ठाऊक असते. रेल्वेच्या जुन्या ब्लॉक पद्धतीत एका स्थानकाने ‘लाइन क्लिअर’ दिली म्हणजे केवळ मागील स्थानकापासून त्या स्थानकापर्यंतचा मार्ग मोकळा असल्याची ग्वाही मिळे. त्यापुढील मार्गाबद्दल ती ग्वाही काहीच सांगत नसे. संगणकापासून इंटरनेटपर्यंतचा मार्गही असाच पट्ट्यापट्ट्यांचा आहे. पहिला पट्टा संगणक ते राउटर. दुसरा राउटर ते मोडेम. तिसरा मोडेम ते केबलचालकाचे मुख्य केंद्र. आणि चौथा त्या केंद्रापासून पुढे बाहेरच्या जगाकडे. पहिले दोन पट्टे कार्यालयाच्या चार भिंतींत आहेत. पुढचे दोन सेवा देणाऱ्याच्या हद्दीत आहेत.

सर्व घोटाळा होतो तो एका पट्ट्याची खूण दुसऱ्या पट्ट्यास लावल्यामुळे. राउटरवर मोडेमच्या बाजूचा हिरवा दिवा लागलेला असतो आणि पाहणारा म्हणतो, ‘केबल चालू आहे.’ वस्तुतः तो दिवा सांगतो इतकेच की, राउटर आणि मोडेम यांमधील हातभर लांबीची तार जोडलेली असून मोडेमला वीज मिळत आहे. गच्चीवरची तार कापलेली असली तरी हा दिवा हिरवाच राहील. स्थितीची तपासणी म्हणजे कोणती खूण कोणत्या पट्ट्यासाठी ग्वाही देते, हे ओळखणे होय.

राउटरला विचारावयाचे प्रश्न

अनेक संस्थांतून सिस्को पद्धतीचे राउटर वापरले जातात. उदाहरणासाठी त्यांच्या आज्ञा घेणे सोयीचे आहे. अन्य कंपन्यांच्या यंत्रांवर शब्द वेगळे असले तरी प्रश्न हेच असतात. या आज्ञा येथे देवनागरीत लिहिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीतच टंकित कराव्या लागतात. ‘शो’ या शब्दाने सुरू होणारी आज्ञा केवळ दाखविते, काही बदलत नाही. म्हणून नवशिक्याने ‘शो’च्या आज्ञा निर्धास्तपणे द्याव्यात, मात्र ‘कॉन्फिगर’, ‘रीलोड’, ‘डीबग’ यांच्या वाटेस जाऊ नये.

पहिली आज्ञा ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’. हिच्या उत्तरात राउटरच्या प्रत्येक जोडणीस एक ओळ मिळते. तीत जोडणीचा पत्ता आणि स्थितीचे दोन शब्द असतात. पहिला शब्द प्रत्यक्ष तारेविषयी असतो आणि दुसरा त्या तारेवरील संभाषणाच्या नियमांविषयी, ज्याला ‘लाइन प्रोटोकॉल’ म्हणतात. दोन्ही ठिकाणी ‘अप’ असेल तर तो पट्टा ठीक. दोन्ही ठिकाणी ‘डाउन’ असेल तर तार निघालेली असावी किंवा समोरच्या यंत्रास वीज नसावी. पहिला ‘अप’ आणि दुसरा ‘डाउन’ असेल तर तार आहे, पण संभाषण जुळलेले नाही. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ असे उत्तर आले तर तो बिघाडच नव्हे. राउटरची मांडणी करणाऱ्याने ती जोडणी बंद ठेवलेली आहे. अशा वेळी केबलचालकाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

त्याच ओळीत पत्त्याच्या जागी ‘अनअसाइन्ड’ असा शब्द आढळला आणि पत्ता सेवा देणाऱ्याकडून आपोआप मिळावयाचा असेल, तर दुसरा पट्टा जुळला आहे, परंतु पलीकडून पत्ता आलेला नाही, असे समजावे. ही महत्त्वाची खूण होय. यामुळे संशयाची सुई तिसऱ्या पट्ट्याकडे वळते.

दुसरी आज्ञा ‘शो इंटरफेसेस’ ही असून तिच्यापुढे जोडणीचे नाव लिहावयाचे असते. हिचे उत्तर विस्तृत असते. परंतु त्यातील तीन गोष्टी पाहाव्यात. गेल्या ५ मिनिटांत सरासरी किती माहिती आली व गेली; ‘इनपुट एरर्स’ आणि ‘सीआरसी’ या सदरांखाली सदोष तुकड्यांची संख्या किती; आणि जोडणी किती वेळा नव्याने सुरू करावी लागली. यांतील एकच आकडा पाहून काही ठरवू नये, कारण तो महिन्याभराचा साठलेलाही असू शकतो. १० मिनिटांच्या अंतराने दोनदा पाहावे. आकडा स्थिर असेल तर दोष जुना आहे. वाढत असेल तर तो या घडीला चालू आहे.

काही राउटरमध्ये केबल मोडेम आतच बसविलेला असे. सिस्कोची ‘यूबीआर ९००’ ही मालिका त्या प्रकारची होती. तेथे ‘शो इंटरफेसेस केबल-मोडेम’ या आज्ञेने दुसरा पट्टा ओलांडून थेट तिसऱ्या पट्ट्याची स्थिती कळे. ‘शो कंट्रोलर्स केबल-मोडेम’ या आज्ञेने मोडेम कोणत्या पायरीवर आहे हे दिसे. तेथील शेवटच्या पायरीचे नाव ‘मेन्टेनन्स स्टेट’ असे. हे नाव वाचून दुरुस्ती चालू असल्याचा समज होणे साहजिक आहे; प्रत्यक्षात त्याचा अर्थ मोडेम सुरळीत चालू आहे असा होतो. यंत्राची भाषा शब्दकोशातून समजत नाही, ती त्याच्या व्यवहारातून शिकावी लागते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

तिसरी आज्ञा ‘पिंग’. हिच्यापुढे एखादा पत्ता दिला असता राउटर त्या पत्त्यावर ५ हाका मारतो. प्रत्येक उत्तरास एक उद्गारचिन्ह उमटते व अनुत्तरित हाकेस एक टिंब. प्रथम जवळच्या पत्त्यास हाक मारावी, मग केबलचालकाच्या पहिल्या दाराशी आणि मग बाहेर, असा क्रम ठेवावा. पहिलेच एक टिंब आणि पुढे चार उद्गारचिन्हे आल्यास घाबरण्याचे कारण नाही. पहिल्या हाकेच्या वेळी शेजारच्या यंत्राचा ठावठिकाणा शोधण्यात पुष्कळदा वेळ जातो. टिंबे अधूनमधून विखुरलेली असतील तर मात्र ती तुटक जोडणीची साक्ष समजावी.

मोडेमच्या पायऱ्या

तिसऱ्या पट्ट्याचा खरा साक्षीदार मोडेम होय. अनेक मोडेमचे स्थितिपत्रक संगणकाच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर उघडते. हा पत्ताही इंग्रजी अंकांत लिहावयाचा असतो. वीज मिळताच मोडेम एकेक पायरी चढतो. प्रथम तो केंद्राकडून येणारा संकेत शोधतो. नंतर परतवाटेने हाक देतो आणि केंद्रास ती ऐकू येईपर्यंत आपला आवाज चढवीत जातो. मग पत्ता मागतो, आपल्या मांडणीची फाइल उतरवून घेतो आणि शेवटी केंद्राकडे नोंदणी करतो. दिवा लुकलुकत राहणे म्हणजे मोडेम कोणत्या तरी पायरीवर थबकलेला आहे.

पत्रकावरील तीन आकडे टिपून घ्यावेत. येणाऱ्या संकेताची पातळी उणे १५ ते अधिक १५ डेसिबल-मिलिव्होल्ट या मर्यादेत असावी. शून्याच्या जवळ असेल तर उत्तम. संकेत व गोंगाट यांचे प्रमाण ३० डेसिबलच्या वर असणे हितावह होय. तिसरा आकडा मोडेमच्या स्वतःच्या आवाजाचा. तो ५० डेसिबल-मिलिव्होल्टच्या पुढे जाऊन कमाल मर्यादेस टेकला असेल, तर मोडेम ओरडून ओरडून थकत आहे आणि परतवाटेत कोठेतरी अडथळा आहे, असे जाणावे. नोंदवहीत ‘टी-३’ अशी ओळ वारंवार दिसत असेल, तर मोडेमने हाक दिली पण केंद्राचे उत्तर वेळेत आले नाही, असा तिचा अर्थ आहे.

हा अडथळा पुष्कळदा साध्या कारणाने येतो. एका तारेचे दोन फाटे करणारा स्प्लिटर सुमारे साडेतीन डेसिबल खातो आणि चार फाट्यांचा सुमारे सात. आणखी एक टीव्ही जोडण्यासाठी कोणी मध्ये स्प्लिटर घातला, की मोडेमच्या वाट्याचा संकेत तेवढा घटतो. दुसरे कारण पाऊस. कोकणच्या पावसात उघड्यावरील जोडांत पाणी शिरते, तांब्यास गंज चढतो. ठाण्याची खाडी जवळ असल्याने हवेत खारटपणाही असतो. पाऊस पडला की जोडणी तुटते आणि ऊन पडले की सुरू होते, अशी नोंद असेल तर ती केबलचालकाच्या माणसास थेट गच्चीवरील जोडाकडे नेऊ शकते. तिसरे कारण वीज. वाटेतील अ‍ॅम्प्लिफायर ज्या इमारतीतून वीज घेतो तेथील पुरवठा खंडित झाला, की आपल्याकडे दिवे लागलेले असूनही तार मुकी होते.

केबलचालकाच्या केंद्रातही अशीच आज्ञा असते. तिचे नाव ‘शो केबल मोडेम’. प्रत्येक ग्राहकाचा मोडेम कोणत्या पायरीवर आहे, हे तीत दिसते. ‘ऑनलाइन’ म्हणजे ठीक; ‘ऑफलाइन’ म्हणजे केंद्रास तो दिसत नाही; ‘इनिट’ या शब्दापुढे कंसात ‘आर’ने आरंभ होणारी खूण असेल तर आवाज जुळविण्याचे काम चालू आहे; ‘डी’ असेल तर त्याने पत्ता मागितला आहे, पण तो त्याला मिळालेला नाही. मोडेमच्या तळाशी चिकटविलेल्या पट्टीवर त्याचा मॅक पत्ता छापलेला असतो. तो सांगून ‘या मोडेमची आपल्याकडे कोणती स्थिती दिसते?’ एवढा एक प्रश्न केला, तर ‘आमची लाइन चालू आहे’ या उत्तरावर समाधान मानण्याची पाळी येत नाही.

आधी नोंद, मग खटका

जोडणी थांबताच सर्वप्रथम मोडेम व राउटर यांचा खटका बंद करून पुन्हा सुरू करण्याची प्रथा सर्वत्र आहे. त्याने पुष्कळदा काम होतेही. परंतु राउटरचे मोजके आणि ‘शो लॉगिंग’ या आज्ञेने दिसणारी नोंद ही तात्पुरत्या स्मृतीत असते. खटका बंद होताच ती पुसली जाते. घटनास्थळाचा पंचनामा होण्याआधीच जागा धुऊन काढावी, तसा हा प्रकार होय. जोडणी तासाभरासाठी परत येते, पुन्हा जाते आणि कारण शोधण्याचा पुरावा हाती राहत नाही. म्हणून आधी पाच मिनिटे नोंद करावी आणि नंतरच खटक्यास हात लावावा.

नोंदीत वेळ अचूक हवी. ‘शो क्लॉक’ या आज्ञेने राउटरचे घड्याळ पाहता येते. वेळेच्या आधी तारांकन दिसले, तर यंत्रास स्वतःच्याच घड्याळाची खात्री नाही, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी भिंतीवरील घड्याळाची वेळ शेजारी लिहून ठेवावी.

प्रत्येक शाळेने व कार्यालयाने यासाठी एक साधी वही ठेवण्यास हरकत नाही. दिनांक, वेळ, राउटरच्या मोडेमकडील जोडणीचे दोन शब्द, पत्ता मिळाला की नाही, पिंगचे उत्तर, मोडेमचे तीन आकडे, हवामान आणि तक्रारीचा क्रमांक, एवढी सदरे पुरेत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार ग्राहकाच्या तक्रारीस क्रमांक मिळाला पाहिजे आणि निवारण न झाल्यास अपील प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा मार्ग त्यात दिलेला आहे. अपिलात ‘नेट वारंवार बंद असते’ या वाक्यास वजन नसते. पंधरा दिवसांच्या पंधरा ओळींस असते. आणि त्या ओळींवरून दोष आपल्याच कार्यालयातील सैल तारेचा असल्याचे दिसून आले, तर ते मान्य करण्याचे धैर्यही त्याच वहीने द्यावयास हवे.

तार बदलली तरी प्रश्न तोच

आज ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील अनेक इमारतींत ऑप्टिकल फायबर पोहोचला आहे आणि केबल मोडेमची जागा दुसरी पेटी घेत आहे. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याच्या योजनेस केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेचा उद्देश ग्रामपंचायतींपर्यंत हा तंतू नेण्याचा आहे. तेव्हा शहापूर, मुरबाड यांसारख्या तालुक्यांतील पंचायत सदस्यांनाही हा विषय परका नाही. तेथील पेटीवर ‘पॉन’ आणि ‘लॉस’ असे दोन दिवे असतात. पॉनचा दिवा स्थिर असेल तर पेटीचे केंद्राशी नाते जुळलेले आहे. लॉसचा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच येत नाही. अर्थात तंतू कोठेतरी तुटला, वाकला किंवा निघाला आहे. खोदकामानंतर हा दिवा लाल झाला, तर कोठे पाहावे हे ग्रामसेवकास वेगळे सांगावयास नको.

तंतूवर गंज चढत नाही आणि विजेची खरखरही शिरत नाही. तरी मार्ग पट्ट्यापट्ट्यांचाच राहतो. राउटर ते पेटी हा पट्टा कार्यालयाचा आणि पेटीपलीकडचा सेवा देणाऱ्याचा, ही सीमा कायम राहते. दोन शब्दांचे ‘अप’ आणि ‘डाउन’, मिळालेला अथवा न मिळालेला पत्ता, उद्गारचिन्हे आणि टिंबे यांचा अर्थही तोच राहतो.

सरकारी सेवा जसजशी तारेवर आली, तसतसे तारेचे मौन हे सेवा नाकारण्याचेच एक रूप झाले आहे. खिडकीपलीकडील लिपिकाने ‘उद्या या’ म्हटले तर निदान कारण विचारता येत असे. ‘नेट बंद आहे’ या उत्तरास प्रतिप्रश्न करता येत नाही. तो प्रतिप्रश्न खिडकीच्या आतील माणसानेच करावयाचा आहे आणि तो यंत्रास करावयाचा आहे. कोणत्या पट्ट्यात, किती वाजल्यापासून, कोणत्या पायरीवर, या तीन गोष्टींची नोंद ज्या कार्यालयात होईल, तेथे खिडकीसमोर उभ्या असलेल्या वृद्धेस ‘उद्या या’ऐवजी ‘दोष गच्चीवरील जोडात आहे, माणूस निघाला आहे, दुपारी तीन वाजता या’ असे सांगता येईल.